जुनी जिप्सी घेतलीत? आधी तिच्याखाली वर्तमानपत्र अंथरा

गेल्या दिवाळीनंतर माझ्या भाचीनं रत्नागिरीहून १९९९ ची मारुती जिप्सी किंग घेतली आणि चालवत थेट भोरला माझ्या दारात आणून उभी केली. उतरल्या उतरल्या विचारलं, "मामा, इथं गाडी धुवायला कुठं टाकतात? आणि मोठे टायर कुठले घालू?" मी चावी घेतली आणि सांगितलं, आज धुवायची नाही आणि टायरचा विषय सहा महिने काढायचा नाही. ती हिरमुसली. पण पुढचे सहा शनिवार आम्ही दोघं त्या गाडीखाली होतो, आणि आता कुणी जुनी जिप्सी घेतली की तीच त्यांना हे सगळं सांगत असते. तिच्या मैत्रिणींनी लिहून मागितलं, म्हणून हे लिहितोय. माझी स्वतःची किंग १९९८ ची आहे. ती मी वीस वर्षं सांभाळतोय, त्यामुळे मतं ठाम आहेत.

पहिलं मत असं की जुन्या गाडीत काही नवीन घालण्याआधी ती कारखान्यातून निघाली तेव्हा जशी चालत होती तशी करून घ्यावी. आपल्याला ज्या जिप्सी मिळतात त्यांतल्या बहुतेकींनी ती अवस्था कधीच सोडलेली असते. मालकाला वाटतं जिप्सी अशीच हादरते, अशीच गळते, ब्रेक असाच लागतो. तसं नसतं.

न धुण्याचं कारण साधं आहे. मळ आणि तेल ही गाडीची वही असते. संध्याकाळी गाडी सपाट जागी लावा, खाली पुढून मागेपर्यंत वर्तमानपत्रं अंथरा, उडू नयेत म्हणून दगड ठेवा आणि चारही चाकं कुठं आहेत ते कागदावर पेनानं लिहा. सकाळी डाग बघा. काळं, पातळ ते इंजिन ऑइल. जाड, पिवळसर, गंधकासारखा उग्र वास येणारं ते गिअर ऑइल, म्हणजे गिअर बॉक्स, ट्रान्स्फर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा) किंवा डिफरन्शियल (दोन चाकांच्या मधला, वळताना त्यांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा संच). चाकाच्या आतल्या बाजूला निसरडं, जवळजवळ रंगहीन काही असेल तर ते ब्रेक ऑइल, आणि मग ती गाडी दुरुस्त होईपर्यंत दाराबाहेर न्यायची नाही. हिरवट, गोडसर वासाचा डाग कूलंटचा. भाचीच्या गाडीखाली सकाळी पाच डाग होते. तिनं मोबाइलवर फोटो काढले, आणि पुढचा सगळा कामाचा क्रम त्या फोटोंवरूनच ठरला.

सुटे भाग मागवण्याआधी तुमची जिप्सी नेमकी कुठली हे समजून घ्या, कारण दुकानदार तेच आधी विचारतो. १९८५ च्या डिसेंबरात आली ती एमजी ४१०, ९७० सीसीचं इंजिन आणि चार गिअर. १९९६ साली किंग आली, १२९८ सीसी, पाच गिअर, कार्ब्युरेटर. २००० पासून तेच इंजिन सोळा व्हॉल्व्ह आणि एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शननं पेट्रोल घेणारं) झालं, ताकद साठवरून ऐंशी अश्वशक्तीवर गेली. चासी, पाटे (चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि अॅक्सल (दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा) यांची मूळ कल्पना मात्र शेवटपर्यंत तीच राहिली. म्हणूनच या गाडीचा निम्मा आजार खालच्या अंगात असतो आणि तो सगळ्या वर्षांच्या गाड्यांना सारखाच असतो.

चासी

इंजिन बिघडलं तर इंजिन करता येतं. चासी गेली तर हातात काही राहत नाही. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ घेऊन चासीवर हातभर अंतरानं ठोकत जा. चांगलं लोखंड खणखणतं, कुजलेलं मंद बोलतं. पाट्यांची ब्रॅकेटं जिथं चासीला जोडलेली आहेत तिथं, मागच्या चाकांच्या वर आणि पाठीमागे, आणि बॉडी जिथं रबरावर बसते त्या जागांवर जास्त वेळ द्या. मग आतलं कार्पेट उचला आणि पुढच्या सीटखालचा पत्रा बघा. ओला असेल तर पाणी बहुधा काचेच्या खालच्या चौकटीतून येतंय.

कोकणातली गाडी असेल तर हे दुप्पट बारकाईनं. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस लोखंडाला सुट्टी देत नाही. आणि पंचवीस वर्षांच्या गाडीच्या पोटाला ताजा, चकचकीत काळा थर दिसला तर खूश होऊ नका. भाचीच्या गाडीला तसाच होता. विकणाऱ्यानं "अंडरबॉडी कोटिंग करून दिलंय" असं कौतुकानं सांगितलं होतं. आम्ही डाव्या मागच्या शॅकलजवळ, म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या कडीजवळ, तारेचा ब्रश मारला तर थराबरोबर लोखंडाचे पापुद्रे निघाले. नशिबानं वीतभरच जागा होती. कुजलेला भाग पूर्ण कापून तेवढ्याच जाडीचा पत्रा वेल्ड करून घेतला. वरून नुसती पट्टी चिकटवून देतो म्हणणारा वेल्डर नको. आत गंज तसाच राहतो आणि पट्टीच्या कडेनं चासी फुटते. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा आणि पेट्रोलची टाकी जवळ असेल तर ती उतरवा. यात आळस नको.

सगळी तेलं, एका दिवसात

आधीच्या मालकानं "आत्ताच बदललंय" सांगितलं तरी सगळी तेलं बदला: इंजिन, गिअर बॉक्स, ट्रान्स्फर केस, पुढचं आणि मागचं डिफरन्शियल. जिप्सीत ट्रान्स्फर केस गिअर बॉक्सपासून सुटी, चासीवर रबरी माउंटिंगवर बसलेली असते. तिचं तेल वेगळं असतं हे अनेक गॅरेजांत विसरलं जातं. मी उघडलेल्या दोन गाड्यांत ती जवळजवळ कोरडी होती.

एक नियम कायम पाळा. तेल सोडायचा खालचा बोल्ट उघडण्याआधी भरायचा वरचा बोल्ट उघडतोय का ते बघा. तो गंजून बसला असेल आणि तुम्ही खालून सगळं तेल सोडून दिलंत, तर गाडी जागेवर अडकली. पाच-सात किलोमीटर फिरवून आणा म्हणजे तेल गरम होऊन पूर्ण निघतं. नवीन तेल भरताना वरच्या भोकाच्या काठाशी येऊन ओघळायला लागलं की थांबायचं. डिफरन्शियलला ८०डब्ल्यू-९०, जीएल-५ दर्जाचं. गिअर बॉक्सला जीएल-४, कारण जीएल-५ मधली काही रसायनं जुन्या बॉक्समधल्या, गिअर अलगद पाडणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत.

निघालेलं तेल फेकू नका, पांढऱ्या थाळीत उन्हात बघा. बोल्टच्या टोकाला राखेसारखा मऊ काळा लेप असेल तर तो नेहमीची झीज. नखानं उचलता येतील असे कण म्हणजे दाते किंवा बेअरिंग बोलतंय. तेल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. भाचीच्या पुढच्या डिफरन्शियलचं तेल चहासारखं निघालं. ती म्हणाली, "मी तर अजून ओढ्यात घातलीच नाही." आधीच्या कुणीतरी घातली होती. गरम अॅक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घेते. वर छोटा ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायचं भोक, असतो तो चिखलानं बुजला असेल तर ती ओढ सीलमधून पाणी आत घेते. म्हणून माझ्या यादीतली पहिली सुधारणा ही आहे: चारही ब्रीदरना तेल सोसणारी रबरी नळी लावून ती बोनेटखाली उंच नेऊन बांधायची आणि टोकाला छोटा फिल्टर. अर्ध्या दिवसाचं काम आहे. दिसत काहीच नाही, त्यामुळे कुणी कौतुक करणार नाही, पण अॅक्सल वाचतात.

इंजिनाकडे मी त्यामानानं कमी वेळ देतो, कारण ही इंजिनं चिवट आहेत. टायमिंग बेल्टची तारीख कागदावर नसेल तर तो बदललेला नाही असं धरा. बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच उघडून बघा. थर्मोस्टॅट जागेवर आहे का तेही तपासा. गाडी गरम होते म्हणून तो काढून टाकायची जुनी खोड आहे. त्यानं खरा दोष झाकला जातो, इंजिन हिवाळ्यात थंडच राहतं आणि पेट्रोल जास्त पितं. नवा थर्मोस्टॅट घाला आणि रेडिएटर साफ करून घ्या. नळाचं पाणी नको, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि नव्वदच्या दशकातले रबरी पाइप त्यासाठी बनलेले नव्हते. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरचं किट बदला. टाकीतला जुना गंजही सुटून येतो, म्हणून पहिल्या दोन महिन्यांत पेट्रोल फिल्टर दोनदा.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे ते पूर्ण काढून नवं घाला. रबरी होज चिमटीत वाकवून बघा. चरे दिसले की बदला. मागचे ड्रम उघडून व्हील सिलिंडरचं रबर किंचित उचला. आत ओल असेल तर दोन्ही बाजूंचे सिलिंडर एकदम.

हादरा, आणि तो खरा कुठून येतो

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसलो ते. जिप्सी पंचावन्न-साठच्या वेगाला खड्ड्यातून गेली की स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं, मग पुढची दोन्ही चाकं नाचतात, आणि वेग पार खाली आणेपर्यंत थांबत नाहीत. भाची रत्नागिरीहून येताना दोनदा रस्त्याच्या कडेला थांबली होती. वाटेत एका गॅरेजवाल्यानं बॅलन्सिंग करून दिलं आणि टायर बदला म्हणून सांगितलं. त्याच्याही आधी कुणीतरी नवा स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे झटके दाबणारा शॉक अॅब्सॉर्बर) बसवलेला होता. डॅम्परनं हादरा दबतो, दोष तसाच राहतो आणि आत वाढत जातो.

तपासणी घरी करता येते, दोन माणसं लागतात. मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, पुढचा अॅक्सल जॅकवर उचला आणि लोखंडी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर कधीही काम करू नका. एकानं चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवायचं. खटखट जाणवली तर दुसऱ्यानं ब्रेक दाबून धरायचा. ब्रेक दाबल्यावर खटखट गेली तर व्हील बेअरिंग सैल आहे. ब्रेक दाबूनही राहिली तर किंगपिनची बेअरिंग, म्हणजे पुढचं चाक ज्या खुंट्यांवर वळतं त्यांची. मग चाक डावीकडे-उजवीकडे धरून हलवा आणि दुसऱ्यानं टाय रॉड आणि ड्रॅग लिंक या स्टिअरिंगच्या दांड्यांच्या टोकांवर बोट ठेवावं. झिजलेलं टोक बोटाला कळतं. भाचीच्या गाडीत ब्रेक दाबूनही दोन्ही बाजूंना खटखट होती.

अॅक्सलच्या टोकाला जो गोल लोखंडी गोळा दिसतो त्याभोवती नकल (चाक धरून वळणारा भाग) फिरतो, आणि त्याला वर-खाली दोन किंगपिन धरतात. गोळ्यावर मागून फेल्ट आणि रबराचं सील असतं. हे सील सुकलं की चिखलपाणी आत जातं, ग्रीसचा चिखल होतो, आणि बेअरिंगचे रोलर एकाच जागी बसून वाटीत खाचा पाडतात. मग स्टिअरिंग सरळ असताना सैल आणि वळवल्यावर घट्ट लागतं. ही खूण लक्षात ठेवा.

काम करताना एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे अडलं तर दुसरी बघता येते. कॅलिपर काढल्यावर तारेनं पाट्याला बांधून ठेवा, होजवर लटकू देऊ नका. हब, स्पिंडल, मग अॅक्सल शाफ्ट सरळ बाहेर ओढा, वाकडा ओढला तर आतलं ऑइल सील फाटतं. किंगपिनखाली पातळ पत्र्याचे शिम असतात. वरचे आणि खालचे वेगळ्या डब्यात, डब्यावर लिहून. खालचा पिन निघाला की बेअरिंग खाली पडतं, हात धरा. सगळं रॉकेलनं धुवा, गोळ्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवा म्हणजे नवं सील कापलं जाणार नाही. बेअरिंग नवं घालताना बाहेरची वाटीही नवीच. जुन्या वाटीत नवं बेअरिंग हजार किलोमीटरही नीट जात नाही. आत गिअर ऑइल दिसलं तर अॅक्सलचं आतलं सील गेलंय, तेही याच वेळी, कारण ते तेल नवं ग्रीस धुऊन टाकतं.

शिमचं गणित घाईत करू नका. मागचं सील लावण्याआधी नकल हातानं फिरवून बघा. खटखट अजिबात नको, आणि फिरताना एकसारखा, मऊ पण स्पष्ट विरोध हवा. स्प्रिंगकाटा नकलच्या दांडीला अडकवून ओढलं की तो विरोध आकड्यात कळतो. मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडा आणि त्याप्रमाणे शिम कमी-जास्त करा. आम्हाला डाव्या बाजूला तीनदा उघडावं लागलं. तिसऱ्यांदा भाचीनं एकटीनं बसवलं, मी फक्त टॉर्च धरून उभा होतो. यानंतर टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरून किती आत वळलेली आहेत ते माप, करून घ्या. स्टिअरिंग बॉक्सचा वरचा स्क्रू मात्र सगळ्यात शेवटी, तोही किंचित. अनेक जण सुरुवातच तिथून करतात आणि चांगला बॉक्स आवळून खराब करतात.

पाट्यांचे रबरी बुश बदलताना एक गोष्ट कुणी सांगत नाही. शॅकलचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटपर्यंत आवळू नका. गाडी चाकांवर उभी करा, दोन-तीनदा दाबा, मग आवळा. नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि काही महिन्यांत फाटतं. पाटे अॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवेच घ्या. प्रोपेलर शाफ्ट म्हणजे अॅक्सलपर्यंत ताकद नेणारा फिरता दांडा, त्याच्या क्रॉसना ग्रीस निपल असतील तर चारही टोकांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारा.

मग काय काय वाढवायचं

ब्रीदरनंतर दुसरा क्रमांक हेडलाइटच्या रिलेचा. जुन्या वायरिंगमध्ये दिव्याचा सगळा करंट स्विचमधून फिरून येतो. भाचीच्या गाडीत इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट होते आणि दिव्यापाशी ११.४. दोन रिले, फ्यूज, बॅटरीपासून नवी जाड वायर आणि स्वच्छ अर्थिंग केल्यावर दिव्यापाशी १३.३ आले. बल्ब तेच, साठ-पंचावन्न वॉटचे. तिला वाटलं मी नवे दिवे बसवले.

टायरचा हिशेब करून बघा. किंगचा मूळ टायर २०५/७० आर १५, व्यास सुमारे ६६८ मिलीमीटर. २१५/७५ आर १५ घातला तर सुमारे ७०३. अॅक्सल १८ मिलीमीटर वर जातो, आणि चाकाचा घेर पाच टक्क्यांनी वाढतो. म्हणजे मीटर साठ दाखवेल तेव्हा गाडी त्रेसष्टवर असेल, आणि मांढरदेवीच्या घाटात तिसऱ्यावर चढणारी गाडी दुसरा मागेल. त्याहून मोठा टायर मला पटत नाही. साठ अश्वशक्तीच्या इंजिनावर तो ओझं आहे, आणि किंगपिनवरही. चिखलात तुम्हाला हवा कमी करून जास्त मिळतं. सोळा पीएसआयवर मूळ टायरही चांगला पकडतो, फक्त डांबरावर येण्याआधी हवा भरायची, म्हणून छोटा कॉम्प्रेसर घ्या.

पाटे उंच करायचं खूळ पहिल्या वर्षी नको. उंची वाढली की प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, ब्रेकचे होज तोकडे पडतात, आणि आपण आत्ताच बरं केलेलं स्टिअरिंग पुन्हा बिघडतं. त्या पैशांत पुढे-मागे चासीला बोल्ट केलेले मजबूत हुक बसवा. गाडी ओढून काढायची वेळ येतेच, आणि बंपरला दोर बांधला तर बंपर सुटून माणसाच्या अंगावर येतो.

समोरचा बुलबार असेल तर काढा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं त्यांच्यावर कारवाई करायला राज्यांना सांगितलं आहे. इंजिन बदलणं, चासी कापणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतं, परवानगीशिवाय करू नका. आणि पैसे देण्याआधीच आरसी बघा: पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी नूतन होते, फॉर्म २५ वर. ती संपलेली असेल तर खर्च आणि हेलपाटे तुमचे. मालकी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. चासीवर कोरलेला नंबर स्वतः पुसून, वाचून आरसीशी जुळवा.

फोर व्हील ड्राइव्हबद्दल एवढंच: या गाडीत मधलं डिफरन्शियल नाही, पुढची आणि मागची चाकं एकत्र जखडली जातात. कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावून वळलात तर ताण गिअरवर जातो. चिखल, वाळू, सुटी खडी, तिथंच. पण महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर लावाच, म्हणजे पुढच्या अॅक्सलच्या दात्यांना तेल लागतं आणि लिव्हर अडकत नाही. लो, म्हणजे जास्त ओढीचा हळू गिअर, लावताना गाडी पूर्ण उभी, क्लच दाबलेला.

सातव्या रविवारी आम्ही भाटघरच्या काठानं मातीच्या रस्त्यावर चाळीस किलोमीटर फिरलो. परत येताना डांबरावर साठला एक मोठा खड्डा आला. भाचीनं श्वास रोखला, स्टिअरिंग जागचं हललं नाही. घरी येऊन गाडी गार झाल्यावर यू-बोल्ट, चाकांचे नट आणि किंगपिनचे बोल्ट पुन्हा आवळून बघितले. हे पहिल्या फेरीनंतर आणि मग पाचशे किलोमीटरला करायचंच. रात्री तिनं स्वतःहून वर्तमानपत्रं अंथरली. सकाळी एकच डाग होता, रुपयाएवढा, मागच्या डिफरन्शियलच्या नाकाशी. पिनियनचं सील, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट जोडला जातो तिथलं. ते तिनं वहीत पुढच्या शनिवारच्या पानावर लिहिलं.